सदर मुलीचे लग्न झालेले आहे

पहिला फोन आला तेव्हा भीमराव उबाळे बाल्कनीत बसून मटकी निवडत होते. नंबर अनोळखी होता. समोरचा माणूस मोठ्या अदबीने जय भीम म्हणाला, तब्येतपाणी विचारलं आणि मग हळूच विषयावर आला. मुलीचं स्थळ बघितलं, आवडलं, आमचा मुलगा टिटवाळ्याला असतो, बघायला कधी येऊ? भीमरावांना आधी वाटलं, राँग नंबर असेल. पण त्याने 'कुमारी स्वप्नाली भीमराव उबाळे, अंबरनाथ पूर्व' असं सगळं वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना हसूच आलं. अहो, ती माझीच मुलगी, एकुलती एक, पण तिला बदलापूरला देऊन दोन वर्षं होत आली, तुमच्याकडे जुना बायोडाटा आला असेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. तो बिचारा ओशाळला आणि माफी मागून त्याने फोन ठेवला. भीमरावांनी हा किस्सा स्वयंपाकघरात जाऊन बायकोला, संजीवनीला, हसत हसत ऐकवला. ती हसली नाही. कुकरची शिटी नीट बसत नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन फोन आले, तिसऱ्या दिवशी चार. एक जण तर थेट नाशिकहून, आणि तो इतका घाईत की भीमरावांचं ऐकून घ्यायच्या आधीच त्याने मुलाचा पगार, फ्लॅट आणि आईचा स्वभाव सांगून टाकला. आता मात्र भीमरावांचं डोकं चालेना. दोन वर्षांपूर्वीचा कागद असा अचानक उठून चालायला लागतोच कसा?

हा बायोडाटा म्हणजे काय, तर उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात प्रमोदचं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे, तिथे बनवलेलं एक रंगीत पान. वर बुद्धाचं चित्र, मग मुलीचा फोटो, उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं गाव, अपेक्षा 'निर्व्यसनी व सुशिक्षित', आणि सगळ्यात खाली बापाचा मोबाइल नंबर. हाच प्रमोद समाजातल्या लग्नांचा 'मंगल परिणय' नावाचा ग्रुप चालवतो. पान बनवायचं, ग्रुपवर सोडायचं, की कल्याणपासून कर्जतपर्यंत ज्याच्या घरी लग्नाचा मुलगा आहे त्याच्या हातात ते संध्याकाळपर्यंत पोचतं. स्वप्नालीचं लग्न याच पानावरून जमलं होतं आणि भीमरावांना त्याचा फार अभिमान होता.

भीमरावांचं आणि ग्रुपचं नातंच तसं होतं. चौतीस वर्षं ते ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तिथे आत काय चालतं ते बाहेर बोलायची सोय नव्हती. रिटायर झाल्यावर भाच्या-पुतण्यांनी हातात मोठा फोन दिला आणि माणसाने चौतीस वर्षांचा उपास सोडला. 'उबाळे परिवार' नावाचा ग्रुप काढला, स्वतः ॲडमिन झाले, एकशे त्रेचाळीस माणसं गोळा केली. बाथरूमला नवा नळ बसला, टाका ग्रुपवर. गुडघ्याचा एक्स-रे काढला, टाका ग्रुपवर. दीड वर्षापूर्वी संजीवनीच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तर यांनी सलाइन लावलेल्या हाताच्या फोटोसकट आजाराचं नाव, डॉक्टरचं नाव, काय काढलं आणि काय ठेवलं, सगळं लिहून टाकलं. ती बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. भीमरावांना कळेना, हिला झालं काय. अगं, एकशे बारा जणांनी 'लवकर बऱ्या व्हा' लिहिलंय, असं ते तिला समजावत राहिले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तर अशा माणसाने या फोनांवर काय उपाय काढला असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यांनी प्रमोदच्या ग्रुपसकट असे अकरा ग्रुप शोधून काढले, सगळीकडे स्वतःला ॲड करून घेतलं आणि निवेदन टाकलं. 'सर्वांस कळविण्यात येते की सदर मुलीचे लग्न झालेले आहे. कृपया फोन करू नये. मुलीचे वडील.' आणि सदर मुलगी म्हणजे कोणती हे लोकांना कळावं म्हणून आपल्या फोनमधला तो जुना बायोडाटाही खाली चिकटवला. इथेच माती खाल्ली. निवेदन वाचतो कोण? लोकांनी पान बघितलं, नंबर बघितला आणि पुढे ढकललं. आठवडाभरात फोन दुप्पट झाले. औरंगाबादहून एका काकूंनी तर मुलगी गोरी दिसते पण पाय कसे आहेत असं विचारलं, आणि भीमराव आयुष्यात पहिल्यांदा एका बाईमाणसाला नको ते बोलले.

हसण्यावारी नेण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. त्यांना खरी भीती वाटली ती वेगळ्याच विचाराने. हे पान बदलापूरला पोचलं तर? मुकेशरावांच्या कुणा मामा-मावशीने बघितलं तर? त्यांना काय वाटेल? मुलीकडचे गुपचूप दुसरं स्थळ बघताहेत, असंच वाटणार की नाही? पोरीचा सरळ चाललेला संसार या एका कागदाने उधळायचा. तोही आपला नंबर असलेल्या कागदाने.

त्यांनी प्रमोदला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. प्रमोद सगळं ऐकून घेत होता, हो काका, बरोबर काका, करत होता. हे पान पुन्हा कुणी काढलं असं विचारल्यावर मात्र तो अडखळला. काकूंशी बोला ना एकदा, म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं असं सांगून त्याने फोन कापला. काकूंशी? संजीवनीचा आणि या तांत्रिक भानगडीचा काय संबंध? तिला तर साधा फोटो क्रॉप करता येत नाही. भीमरावांनी प्रमोदचं बोलणं मनावर घेतलं नाही. संजीवनीला म्हणाले, तू कशी काय इतकी शांत बसतेस गं, पोरीच्या घरात आग लागायची वेळ आलीय. ती म्हणाली, लोकांचे फोन घेऊ नका म्हणजे झालं.

स्वप्नालीलाही त्यांनी मेसेज करून विचारलं होतं, मुकेशराव काही बोलले का म्हणून. 'नाही पप्पा, टेन्शन घेऊ नका' असं आलं, सोबत एक अंगठा. भीमरावांना जरा हायसं वाटलं. पोरीचं बाकी कौतुक होतं त्यांना. ते रोज सकाळी सहाला सुविचार टाकायचे आणि सहा-दहाच्या आत स्वप्नालीचे जोडलेले हात यायचे. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही. घरी ती तीन महिन्यांत आली नव्हती, ऑफिसात काम वाढलंय म्हणायची, पण त्याचं भीमरावांना काही वाटायचं नाही. लोकांच्या मुली सहा-सहा महिने बापाची चौकशी करत नाहीत, आमची रोज सकाळी भेटते, असं ते फॅक्टरीतल्या जुन्या दोस्तांना सांगायचे.

मग तो रविवार आला. स्वप्नालीच्या लग्नाला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली. भीमरावांनी सकाळी सहाला सुविचाराऐवजी लग्नातला फोटो टाकला. पांढऱ्या साडीतली स्वप्नाली, शेजारी मुकेश, दोघांच्या गळ्यात हार. खाली चार ओळी स्वतः जुळवून लिहिल्या, मुलीला टॅग केलं, जावयाला टॅग केलं. चहा होईपर्यंत तीसेक अभिनंदनं आली. भीमरावांच्या बहिणीने केक पाठवला, म्हणजे केकचं चित्र. मुकेशने बदाम दिला. स्वप्नालीने प्रत्येकाला नाव घेऊन थँक्यू लिहिलं, थँक्यू आत्या, थँक्यू दादा, थँक्यू काका. भीमराव एकेक वाचून संजीवनीला ऐकवत होते आणि ती पोळ्या लाटत होती.

दहाच्या सुमाराला एक फोन आला. कर्जतकडच्या कुणी शिक्षिका होत्या, धाकट्या भावासाठी विचारत होत्या. बोलणं इतकं साधं आणि सभ्य की भीमरावांना रागावताही येईना. लग्न झालंय हो ताई, जुना फोटो आहे तो, असं ते म्हणाले.

"असं का? बरं, राहू द्या मग. पण खरं सांगू का, त्या चष्म्यात फार समजूतदार दिसते तुमची मुलगी. म्हणून म्हटलं फोन करून बघावा."

"चष्मा? कुणाचा चष्मा?"

"मुलीचा. फोटोत आहे ना."

स्वप्नालीला चष्मा नव्हता. शाळेत असताना शेवटच्या बाकावरून फळा वाचणारी पोरगी ती. भीमराव म्हणाले, ताई, मेहरबानी करून ते पान मला पाठवा. पाठवलं त्यांनी लगेच. भीमरावांनी ते उघडलं. बुद्धाचं चित्र तेच, कुमारी तेच, अपेक्षा त्याच, खाली नंबर त्यांचाच. पण फोटो नवा होता. काळ्या काडीचा चष्मा, केस खांद्यापर्यंत कापलेले, अंगात त्यांनी कधी न पाहिलेला निळा कुर्ता. नोकरीच्या जागी उल्हासनगरातल्या त्या सिंधी शेठच्या कपड्यांच्या ऑफिसचं नाव होतं, जिथे ती लग्नानंतर लागली होती. म्हणजे हे जुनं पान फिरत नव्हतंच. कुणीतरी मुद्दाम नवं केलं होतं.

कुणी? भीमराव बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. पोरीला चष्मा कधी लागला? केस कधी कापले? सकाळच्या फोटोतली स्वप्नाली वेगळी आणि ही वेगळी, आणि या दोघींच्या मध्ये काय घडलं ते सांगणारं कुणी नाही. आणि फोटो तर घरातल्याच माणसाजवळचा. विचार करता करता त्यांची मान बदलापूरकडे वळली. हे सासरच्यांचंच काम. त्यांनाच आपली पोर नकोशी झालीय आणि ते तिला परस्पर उजवायला निघालेत. हा विचार किती वेडगळ आहे हे त्यांनाही कळत होतं, कारण सून नको असली तर तिचा बायोडाटा कोण करत बसतं? पण दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यांनी कपडे बदलले, हेल्मेट घेतलं. संजीवनी बाहेर आली. आज नका जाऊ म्हणाली. का नको? आज तर गेलंच पाहिजे, वाढदिवस आहे लग्नाचा, पेढे देतो आणि काय ते एकदाच विचारून येतो. ती म्हणाली, थांबा, मला जरा बोलायचंय. आल्यावर बोल, असं म्हणून ते जिना उतरले. ती वरून दोनदा हाक मारत होती ते त्यांनी ऐकलं. थांबले नाहीत.

मुकेशचं घर बदलापूर गावात, जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत. विहीणबाईंनी दार उघडलं आणि भीमरावांच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स बघून त्यांचा चेहरा असा झाला की भीमरावांना वाटलं, घरात कुणी आजारी आहे. या, बसा म्हणाल्या. पाणी आणलं. मुकेश आतून आला, वाकून पाया पडला आणि समोरच्या खुर्चीवर बसून फोनशी चाळा करू लागला. पोरगा वाळला होता. भीमरावांनी तीनदा इकडंतिकडं बघितलं, मग विचारलं, स्वप्नाली कुठं गेली? विहीणबाईंनी मुकेशकडे बघितलं. टीव्हीच्या शेजारी पूर्वी दोघांचा फोटो होता, तिथे आता फुलदाणी होती.

"भीमरावभाऊ," विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला घरात कुणीच सांगितलं नाही का?"

काय सांगितलं नाही? विहीणबाई पदराशी चाळा करत सांगू लागल्या. स्वप्नाली पाच महिने झाले इथे राहत नव्हती. भांडणतंटा नाही, आरडाओरडा नाही, एक दिवस बॅग भरली आणि गेली. दोन्हीकडून राजीखुशीने वेगळं व्हायचं ठरलंय, वकिलाकडे कागद चाललेत. संजीवनीताई दोनदा येऊन गेल्या, सामान घेऊन गेल्या, आमच्यात वाईटपणा काही नाही. हे सगळं त्या भीमरावांना अशा हळू आवाजात सांगत होत्या जसं मयताच्या घरी बोलतात, आणि भीमराव मांडीवर पेढ्यांचा बॉक्स धरून ऐकत होते. त्यांना राग यायला हवा होता. कुणावर आणायचा तेच कळेना.

शेवटी त्यांना जे सुचलं ते फार विचित्र होतं. जावयाकडे वळून म्हणाले, "मग सकाळी तुम्ही बदाम का दिला?"

मुकेशने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "काय करणार पप्पा? तुम्ही टॅग केलं होतं."

गल्लीच्या तोंडाशी येऊन भीमरावांनी संजीवनीला फोन लावला. ती एका रिंगमध्ये बोलली, जणू फोन हातात धरूनच बसली होती. सगळं कबूल केलं. पोरीने पाच महिन्यांपूर्वी फोनवर एवढंच सांगितलं, आई, माझं तिथं जमत नाही. विठ्ठलवाडीला डेपोच्या मागे एका नर्सबरोबर खोली घेऊन राहते. संजीवनी दर गुरुवारी भाजीच्या नावाखाली उल्हासनगरला तिलाच भेटायला जात होती. आणि बायोडाटा तिनेच करायला दिला होता. दुसऱ्या लग्नाचं स्थळ शोधायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हटलं आत्तापासून दोन-चार चांगल्या घरांत दाखवून ठेवावं. प्रमोदला बजावलं होतं की ग्रुपवर टाकू नको आणि नंबर माझा घाल. त्याने जुनीच फाइल उघडली, फोटो बदलला, नोकरी बदलली, नंबर बदलायचा राहिला, आणि त्याच्या हाताला सवय, पान झालं की ग्रुपवर सोडायची.

"मला का नाही सांगितलं?" भीमराव म्हणाले.

"तिने शपथ घातली होती," संजीवनी एवढंच म्हणाली आणि तिने खोलीचा पत्ता सांगितला.

बदलापूर ते विठ्ठलवाडी स्कूटरने पाऊण तास लागतो. भीमरावांना सव्वा तास लागला. अंबरनाथला त्यांचं स्वतःचं घर वाटेत लागलं तर तिकडे वळले नाहीत. उल्हासनगरात फर्निचर बाजारातून एक वळण चुकले आणि ज्या रस्त्यावरून आयुष्य गेलं तिथे एका सिंधी दुकानदाराला विठ्ठलवाडी कुठे म्हणून विचारलं. डोक्यात एकच घोळ. पोरगी रोज सकाळी हात जोडत होती. कुठून जोडत होती? मी बघत होतो ती कोण होती?

खोली चाळीत पहिल्या मजल्यावर होती. दार वैदेहीने उघडलं, तीच ती नर्स. तिने ओळखलं, आत हाक मारली आणि चप्पल घालून दूध आणायला निघून गेली. स्वप्नाली ओले हात पुसत बाहेर आली. तोच काळा चष्मा. बापाला बघून ती दचकली नाही, फक्त म्हणाली, आईचा फोन आला होता. लोखंडी कॉट, दोन खुर्च्या, खिडकीत तुळस नाही पण कोथिंबीर लावलेली. भीमराव कॉटवर बसले. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स बाजूला ठेवला, मग तोच बॉक्स बघून त्यांना लाज वाटली.

"चष्मा कधी लागला?"

"दोन महिने झाले. स्क्रीनचं काम आहे ना."

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं पप्पा? नंबर सांगितला असता तर तुम्ही दोन्ही डोळ्यांचा नंबर ग्रुपवर टाकला असता."

ती हे रागाने म्हणाली नाही, तेच वाईट होतं. भीमरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. पण विषय चष्म्याचा नाही हे दोघांनाही माहीत होतं. ते म्हणाले, बरं, ते जाऊ दे, पण एवढी मोठी गोष्ट? पाच महिने? स्वतःच्या बापाला? तिने खुर्ची ओढली, समोर बसली. तुम्हाला सांगायचं म्हणजे सगळ्यांना सांगायचं, म्हणाली. मला एक जागा हवी होती जिथे कुणी काही लिहिणार नाही. आईला सांगितलं तर तिने न विचारता बायोडाटा केला, परवाच भांडले मी तिच्याशी. तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे निघाला असता.

भीमरावांनी मान हलवली. मग त्यांना सकाळ आठवली आणि ते गडबडीने खिशातून फोन काढू लागले. ती पोस्ट आत्ता काढतो म्हणाले, निदान लोकांना कळायच्या आत.

"लोकांना कळायच्या आत?" स्वप्नाली त्यांच्याकडे बघत राहिली. "पप्पा, सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना म्हणजे? म्हणजे सगळ्यांना. मुकेशची मावशी आणि आपली आत्या एकाच विहारात जातात, आत्याला पहिल्याच महिन्यात कळलं. आत्याला कळलं म्हणजे काकांना, काकांना म्हणजे पुण्याला. चुलत दादाने तर वकील शोधून दिला. ती एकेक नाव घेत होती आणि भीमरावांच्या हातातल्या फोनवर तीच नावं एकाखाली एक दिसत होती. हार्दिक अभिनंदन. शंभर वर्षं सुखाने नांदा. आदर्श जोडी. केक. ब्याऐंशी माणसं झाली होती आतापर्यंत. ब्याऐंशी जणांना ठाऊक होतं की हा संसार मोडलाय, आणि ब्याऐंशी जणांनी सकाळी उठून अभिनंदन लिहिलं. का लिहिलं? म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून? की पाठीमागे हसायला? की नुसता अंगठ्याला सवय म्हणून? त्यांनी बहिणीचा केक पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. लहानपणी तिच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळायचं. केकवरून काही कळेना.

"आणि तू? तू प्रत्येकाला थँक्यू म्हणत होतीस."

"न म्हणून काय करू? त्यांना माहीत, मला माहीत. फक्त तुम्हाला माहीत नाही म्हणून सगळे मिळून लिहीत होतो."

आता भीमराव रडले. मोठा माणूस रडला की समोरच्याला काय करावं सुचत नाही, तशी स्वप्नाली उठली, परत बसली. त्यांनी धोतराच्या सोग्यासारखा सदऱ्याचा कोपरा उचलून तोंड पुसलं. फोन उलटा करून कॉटवर ठेवला. मग त्यातही ठुणठुण वाजत राहिलं म्हणून उठून तो बाहेर वैदेहीच्या भाजीच्या टोपलीत नेऊन टाकला आणि दार लोटून घेतलं.

"का निघालीस तिथनं?" त्यांनी विचारलं. "मला सांगायचं नसेल तर नको सांगू. मी बसतो नुसता."

खाली डेपोत एसटी मागे घेताना कंडक्टर शिट्टी मारत होता. मग ती म्हणाली की आईला जे सांगितलं ते खरं नाही, म्हणजे खोटंही नाही, पण ते सगळं नाही. आणि मग सांगायला लागली. वैदेही दूध घेऊन आली, दार लोटलेलं बघून परत खाली गेली. दुपार उलटली. भीमरावांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. एकदा फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा संजीवनी दारातच उभी होती. तिने पाणी दिलं, ते प्यायले. तिने विचारलं, काय म्हणाली पोरगी? ते म्हणाले, बरी आहे, जेवते वेळेवर, चष्मा शोभतो. ते मी बघितलंय, संजीवनी म्हणाली, पण झालं काय होतं तिथं? मी पाच महिने विचारतेय, मला नुसतं जमत नाही म्हणते. तुम्हाला सांगितलं ना तिने? भीमराव हो म्हणाले. मग सांगा.

"तिला विचार. तिला वाटलं तर ती सांगेल."

संजीवनी त्यांच्याकडे बघतच राहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून असं वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. आधी तिला राग आला, मग हसू, मग ती आत जाऊन बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहिली.

त्यानंतर पुष्कळांनी विचारलं. बहीण केकवाली मुद्दाम घरी आली, चहा पिऊन आडून आडून विचारून गेली. प्रमोदने नंबर चुकल्याची माफी मागता मागता विचारलं. पुण्याच्या भावाने तर स्पष्टच विचारलं की अरे, मुकेशची चूक का आपल्या पोरीची, एकदा कळू दे. भीमराव प्रत्येकाला बसवायचे, चहा द्यायचे आणि गुडघ्याचं दुखणं सांगायचे. स्वप्नालीने त्या दुपारी बापाला काय सांगितलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, त्यामुळे इथेही ते लिहिता येत नाही.